वरच्या फळीखालचं स्टूल

मी स्टूल बोलतोय. बसायचं नव्हे, चढायचं. नाशिकरोडच्या एका वाचनालयात, मागच्या पंखा नसलेल्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली. माणसांचे चेहरे मी फारसे पाहिले नाहीत, पण पाय म्हणाल तर हजारो. चेहऱ्यापेक्षा पाय बरे. त्यांना खोटं हसता येत नाही.

शाळेचे बाक करून उरलेल्या लाकडातून माझा जन्म झाला. सुताराने चौथा पाय घाईत ठोकला. "वाचनालयात जायचंय ना? तिथं कोण चढतंय!" म्हणाला. तेव्हापासून मी डुगडुगतो. त्याचं म्हणणं मात्र खरं निघालं. पहिली कित्येक वर्षं जळमटं काढण्याखेरीज माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

मग एक निवृत्त शिक्षिका वारल्या आणि त्यांच्या भाच्याने त्यांची पुस्तकं आम्हाला दिली. समितीने शाल, नारळ, फोटो सगळं यथासांग केलं. पुस्तकं उघडून बघायचं तेवढं राहिलं. आठवड्याने कुणीतरी उघडली आणि चिटणीस ललितराव घामाघूम झाले. त्यातल्या नऊ पुस्तकांत पुरुषावर जीव टाकणारे पुरुष होते, बाईबरोबर संसार मांडणाऱ्या बाया होत्या. बरं, सगळी एका जातीची असती तर ओळखायला सोपी. एक रहस्यकथा, एक भुताची, एक तर चंद्रावर घडणारी. प्रेमाच्या कादंबऱ्या होत्या, कविता होत्या, आणि एका माणसाने स्वतःचं नाव लावून लिहिलेलं आत्मचरित्र.

"लहान मुलं येतात इथं," ललितराव म्हणाले आणि नऊही सगळ्यात वरच्या फळीवर गेली. आमच्याकडे शेवटचं लहान मूल आलं होतं ते आजोबांची विसरलेली छत्री न्यायला.

पण त्या दिवसापासून माझा भाव वधारला. हळूच पाय यायला लागले. टाचांना भेगा पडलेले, पॉलिश केलेल्या बुटांतले, मेंदीचे, जोडवी घातलेले. चढायचं, पुस्तक काढायचं, कपाटाच्या आडोशाला उभ्या उभ्या वीस पानं वाचायची आणि परत जागेवर ठेवायचं. घरी नेत नव्हतं कुणीच. न्यायचं तर काउंटरवरच्या उघड्या रजिस्टरात आपलं नाव आणि पुढे पुस्तकाचं नाव लिहावं लागतं. ते रजिस्टर येणारा-जाणारा प्रत्येक जण चाळतो. आमच्याकडचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच.

त्यामुळे त्या नऊ पुस्तकांच्या शेवटी चिकटवलेली, तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी कोरीच राहिली. एक दिवस एकाने तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'भुताला भ्यायचं कारण नाही. शेवटी रडू येतं. आवडलं तर डावीकडून तिसरं घ्या.' महिन्याभरात खाली दुसरं अक्षर उमटलं, 'रडले. तिसरं त्याहून छान.' मग काय, नऊ पुस्तकांची एकमेकांत ये-जा सुरू झाली. रहस्यकथेवाल्याला कवितांकडे धाडलं, कवितावालीला चंद्रावर. एकाच खोलीत येऊन एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं शिफारशी मात्र तोंडभर करायची!

चिठ्ठीवर पहिल्यांदा लिहिणारा म्हणजे सावळीराम. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, वय अडुसष्ट, बायको गोजराबाई वारून सहा वर्षं झालेली. माझं डुगडुगणं त्याला पहिल्या पावलातच कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्याची घडी आणून माझ्या चौथ्या पायाखाली सारली. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. तरी सांगतो, भित्रा तो भित्राच. कुणाची चाहूल लागली की पुस्तक ठेवून छताकडे बघायचा, जणू पाली मोजायला आलाय.

यंदा एका सोमवारी आमच्या ग्रंथपाल कौसरबाई मागच्या खोलीत आल्या. रोज देवळालीहून बसने येतात, आणि कोण काय वाचतं ते त्यांना न बघता कळतं.

"काका, रविवारी समिती पुस्तकं काढणार आहे. तीन वर्षांत ज्याच्यावर एकही शिक्का नाही ते रद्दीत. ही नऊच्या नऊ कोरी आहेत."

"आवो, पण लोक वाचत्यात ना! पानं बघा, कशी मऊ झाल्यात."

"समिती पानं बघत नाही, शिक्के बघते. मी घेतली असती, पण आम्हा स्टाफचे शिक्के ते धरत नाहीत."

"एका शिक्क्यानं भागंल?"

"एकच बस. पण एका कार्डावर एक पुस्तक, आणि दिवसाला एकदाच बदलून मिळतं."

सोमवार ते शनिवार सहा दिवस. सहा पुस्तकं बचावणार, तीन जाणार. सावळीरामने पेन्सिल काढली आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं, 'रविवारी ही रद्दीत जातील. कृपा करून एक आपल्या नावावर घ्या.'

सोमवारी त्याने स्वतः काय नेलं? रहस्यकथा. कव्हरवर पिस्तूल, कुणाला काय कळणार! मंगळवारी भुताची, बुधवारी चंद्रावरची. शूरवीर! गुरुवार-शुक्रवारी दोन कादंबऱ्या, त्याही वर्तमानपत्रात गुंडाळून.

पण त्याला तरी काय हसायचं? बाकीचे काय करत होते ते मी पाहत होतो. बूट चढले, जोडवी चढली. चिठ्ठी वाचली. मग पुस्तक परत फळीवर, आणि पाय खाली. एक जण तर 'अरेरे' असं लिहून गेला. लेकाच्या हातात पेन्सिल होती, खिशात कार्ड होतं, आणि लिहिलं काय, तर अरेरे!

शनिवारी दुपारी रद्दीची खोकी ठेवायला कौसरबाईंनी मला काउंटरपाशी ओढून आणलं. तिथे मी सावळीरामचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. त्याने आत्मचरित्र आणलं होतं, न गुंडाळता. पुस्तकाच्या नावातच सगळं उघड आहे. पाठोपाठ त्याची सून मनीषा आली, मासिक बदलायला.

"बाबा, तुम्ही? मला सांगायचं, मी आणलं असतं." मग तिने कव्हर वाचलं. "हे कुणासाठी?"

सावळीरामने आधी छताकडे बघितलं.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "माझ्यासारख्याचंच हाय ते. तुझ्या सासूलासुद्धा कधी सांगितलं नाय."

हॉलमध्ये पाच माणसं बसली होती. पाचही वर्तमानपत्रं वर गेली. खालचे पाय तेवढे दिसत होते, आणि त्यांतल्या तिघांचे मी ओळखले.

कौसरबाईंनी खाडकन शिक्का मारला. "ताई, अजून तीन राहिलीत वर," त्या मनीषाला म्हणाल्या, पण मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

मनीषाने मासिक काउंटरवर ठेवलं. "एक माझ्या कार्डावर टाका."

"कुठलं?"

"कुठलंही." सासऱ्याकडे तिने बघितलं नाही. "घरी बोलू, बाबा."

ती पुढे, तो मागे, असे दोघं गेले. वर्तमानपत्रं खाली आली. उरलेली दोन पुस्तकं रविवारी रद्दीत गेली, त्या कृपा करून घ्या म्हणणाऱ्या चिठ्ठ्यांसकट.

पुढे आठ दिवस सावळीराम आला नाही. नवव्या दिवशी दोघं आले. त्याने ते आत्मचरित्र काउंटरवर ठेवलं, आणि कौसरबाईंनी त्याच्या चिठ्ठीवरची नवी ओळ वाचून दाखवली. 'बाबांच्या नंतर मी वाचलं. दोन दिवस बोलवेना. जरूर वाचा.' पेनाने लिहिलेलं, आणि खाली पूर्ण नाव, मनीषाचं.

मागच्या खोलीत आता ॲल्युमिनियमची शिडी आली आहे. मी काउंटरपाशी, डोक्यावर पाण्याचा माठ घेऊन उभा असतो. पुठ्ठ्याची घडी अजून पायाखाली आहे. वरच्या फळीवर सातच पुस्तकं उरली आहेत, आणि शेजारी दोघांची रिकामी जागा. पाणी प्यायला येता तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नाही. नका बघू. चपला काढून चढलात तरी पाय लपत नाहीत, आणि त्या शनिवारी तुम्ही वर्तमानपत्राच्या कुठल्या पानाआड बसला होतात ते मला माहीत आहे.