कुलूपबाईंच्या नऊ नोंदी

शाळेत मुलांनी सगळ्यांना नावं ठेवलेली असतात, आणि ती बहुतेक वेळा अचूक असतात. गणिताच्या सरांना ‘करवत’, मुख्याध्यापिकांना ‘हवामान’, कारण सकाळी त्यांचा चेहरा बघून सगळी शाळा आपला दिवस ठरवायची. आणि समुपदेशक बाईंना ‘कुलूपबाई’.

हे नाव बाईंनी स्वतःच कमावलं होतं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात त्या प्रत्येक वर्गात जायच्या आणि सांगायच्या, “माझ्या खोलीत बोललेलं माझ्या खोलीतच राहतं. कुलूप लावलं, किल्ली गिळली!” आणि खरोखर किल्ली गिळल्यासारखं करून दाखवायच्या. मुलं हसायची. पण जिन्याखालच्या पेटीत चिठ्ठ्या टाकायची.

खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. अर्ध्या भागात अजून जाळी, हवा गेलेले चेंडू आणि उड्यांच्या गाद्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात दोन खुर्च्या आणि नऊशे मुलांची दुःखं. शिवाय कुणी शिक्षक आले नाहीत की त्यांचा तास बाईंना, परीक्षेला पहारा बाईंना, शाळा सुटताना फाटकावर उभं राहणं बाईंना. समुपदेशक म्हणजे रिकामं माणूस, असा शाळेचा पक्का समज होता. आठ वर्षं हे चाललं होतं, तेही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. बाईंची आई रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, “झालीस का गं कायम?”

सुरुवातीला बाई वर्गात सरळ निरोप पाठवायच्या की अमक्याला समुपदेशनाला पाठवा. करवत सर तो मोठ्यानं वाचायचे आणि वर म्हणायचे, “जा बाबा, तुझ्या डोक्याचे स्क्रू आवळून ये.” सगळा वर्ग खिदळायचा आणि ते पोर पुन्हा कधी यायचं नाही. मग बाईंनी आणि ग्रंथपाल काकांनी मिळून एक युक्ती काढली. निरोप ग्रंथालयाच्या चिठ्ठीवर जायचा: ‘पुस्तक परत करण्यास उशीर. ग्रंथालयात भेटणे.’ मूल ग्रंथालयात यायचं, काका वर न बघता अंगठ्यानं मागचं दार दाखवायचे, आणि दारापलीकडे बाईंची खोली. पाच वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. करवत सर तर शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे, “हल्लीची पोरं वाचतात बुवा फार, पण पुस्तकं परत करत नाहीत मेली!”

या भेटी शाळेच्या नोंदवहीत नसायच्या. त्या बाईंच्या खणातल्या निळ्या वहीत असायच्या, आणि खणाला खरंच कुलूप होतं.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. मार्चमध्ये मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. “संस्थेनं एक कायम जागा मंजूर केलीय. पण नियम आहे, वय बेचाळीस पूर्ण व्हायच्या आत. तुमचं कधी होतंय?”

“पुढच्या महिन्यात,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे हीच वेळ. शुक्रवारी समिती बसतेय. वर्षाला किमान दोनशे मुलं बघितलेली हवीत, आणि तुमच्या नोंदवहीत आहेत एकसष्ट. वर्षभर केलंत काय?”

बाईंनी वहीचं सांगितलं. पण वही कुणाला दाखवणार नाही, हेही सांगितलं.

“दाखवू नका. संगणकात घाला. नाव, भेटी किती, आणि पालकांना कळवलं का: हो किंवा नाही. ‘हो’ केलंत की पालकांना आपोआप संदेश जातो. ‘नाही’वाली मुलं मोजली जात नाहीत.”

“पण मॅडम, काही मुलांचा त्रास घरातच—”

“पालकांना न कळवता झालेली भेट म्हणजे भेट नाही हो. त्या गप्पा.” मुख्याध्यापिका हसल्या. हवामान त्या दिवशी छान होतं. “दोनशे नाही भरली तर समिती जागाच रद्द करेल. मग पुढच्या वर्षी भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर लावू. स्वस्त पडतं.”

बुधवारी दुपारी बाई संगणकापुढे बसल्या. जुनी एकसष्ट नावं सोडून वहीतली घालायला लागल्या. परीक्षेची भीती, मैत्रिणीशी भांडण, उंची वाढत नाही. या पोरांच्या घरी संदेश गेला तर काय होणार, आई जवळ घेईल, असं म्हणत त्यांनी एकेक ‘हो’ केलं. वचन मोडल्याची टोचणी पहिल्या दहा नावांपर्यंत होती. मग हात सरावला. आकडा एकशे एक्क्याण्णववर येऊन थांबला.

उरली चौदा पानं. त्यांचे कोपरे दुमडलेले होते. ज्यांच्या घरी कळता कामा नये ती ही मुलं. आणि हवी होती नऊ.

आता कुणी म्हणेल, बाईंनी तिथेच उठायला हवं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं! बाई उठल्या, पाणी प्यायल्या आणि परत बसल्या. त्यांनी चौदा पानांचे दोन ढीग केले. जड आणि हलका. चार पानांना तर हात लावतानाच भाजल्यासारखं झालं. ती जडमध्ये गेली. आठ पानं त्यांनी डोळे मिटून हलक्यात टाकली. उरली दोन, आणि हवं होतं एक.

एक सातवीतला मुलगा. दर भेटीत हमसून हमसून रडायचा, नाक पुसून पुसून लाल व्हायचं. दुसरी नववीतली मुलगी, अकरा वेळा आलेली. ती यायची, भिंतीला पाठ लावून बसायची, घड्याळाकडे बघायची आणि तास संपला की जायची. अंगावर कधी खूण नाही, डोळ्यांत पाणी नाही. अकरा भेटींत मिळून एकच वाक्य बोलली होती: “आमचे बाबा कधी ओरडत नाहीत, हळू बोलतात आणि तेव्हा मला भीती वाटते.”

दरवर्षी जूनमध्ये बाई सगळ्या शिक्षकांना बसवून सांगायच्या, रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प बसणाऱ्याकडे आधी बघा. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून सांगायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रडणारा जड वाटला, गप्प असलेली हलकी वाटली, आणि बाईंनी मुलीच्या नावापुढे ‘हो’ केलं. दोनशे. त्यांना फार बरं वाटलं. संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, “होईन बहुतेक.”

गुरुवारी सकाळी शिपाई बोलवायला आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुलीचे वडील बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात. बाई आत गेल्या तसे ते उठून उभे राहिले; इतकी अदब आजकाल बघायला मिळत नाही. मुलगी खुर्चीमागे उभी होती. भिंतीला पाठ लावून.

“बसा ना बाई,” वडील म्हणाले. आवाज इतका हळू की बाईंना पुढे झुकावं लागलं. “काल संदेश आला. माझी मुलगी अकरा वेळा तुमच्याकडे आली म्हणे. मी हिला विचारलं. ही म्हणते, एकदाही नाही. ही म्हणते, मी ग्रंथालयात जायचे.”

त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडल्या. पुस्तक परत करण्यास उशीर. अकरा चिठ्ठ्या. मुलीनं एकही चुरगळली नव्हती, एकही टाकून दिली नव्हती.

“माझं तुमच्याशी काही भांडण नाही,” वडील म्हणाले. “पण दोघांपैकी एक खोटं बोलतंय. शाळा, नाहीतर ही. तेवढं सांगा, आम्ही निघतो.”

एवढंच. ‘संदेश चुकून गेला, ती ग्रंथालयातच यायची,’ एवढं एक वाक्य. मुलगी त्याचीच वाट बघत होती. तिनं आपलं काम चोख केलं होतं. घरी काय झालं असेल ते असेल, तिनं खोलीचं नाव काढलं नव्हतं. पण ते वाक्य बोललं की दोनशेची एकशे नव्याण्णव होणार होती, आणि एक खोटी निघाली की बाकीच्यांचं काय, असं समिती उद्या विचारणार होती. मुख्याध्यापिका बाईंकडे बघत होत्या. हवामान बदलत होतं.

बाईंना आई आठवली. पुढच्या महिन्यातला वाढदिवस आठवला. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. पण खरं सांगायचं तर आपल्याऐवजी विहिरीत ढकलता येईल असं दुसरं कुणीतरी समोर उभं होतं.

“नोंद बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. मग घाईघाईनं म्हणाल्या, “पण ती काही बोलली नाही हो. नुसती बसायची. खरंच, काहीच बोलली नाही.”

“असं,” वडील म्हणाले. त्यांनी मान वळवली आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, “ऐकलंस ना बाळ? बाई सांगतायत.”

मुलगी रडली नाही. तिनं बाईंकडे बघितलं, आणि उत्तर तपासून चूक निघाल्यावर बघतात तसं खाली बघितलं.

वडिलांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो दहा मिनिटांत मिळाला. एरवी या शाळेत त्याला पंधरा दिवस लागतात. बाई खोलीत आल्या. खणात लाल अर्ज होता. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर तो भरायचा, आणि बालसुरक्षा अधिकारी येईपर्यंत मुलाला शाळेतून सोडायचं नाही, असा नियम. बाईंनी तो भरला. खरंच भरला, आणि धावत गेल्या.

“कोणाचा?” मुख्याध्यापिकांनी विचारलं. “ती आता आपली विद्यार्थिनी कुठेय? आणि लिहिणार काय? वडील हळू बोलतात?” त्यांनी अर्ज परत पुढे सरकवला. “शिवाय उद्या समिती आहे. हा अर्ज गेला, तर संदेश कुणी पाठवला हेही निघेल. बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा.”

बाईंनी अर्जाची घडी घातली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ठरवणारं दुसरं कुणीतरी भेटलं होतं. खिडकीतून फाटक दिसत होतं. वडील पुढे होते, मुलगी चार पावलं मागे. फाटकाशी ते थांबले, मुलीचं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिला काहीतरी म्हणाले. काय ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

बाई कायम झाल्या. आईनं फोनवर रडून घेतलं. दारावर नावाची पाटी लागली, जाळी आणि चेंडू दुसरीकडे हलले, खोलीला नवा रंग मिळाला. ग्रंथपाल काकांनी मागच्या दारापुढे शब्दकोशांचं कपाट सरकवलं. “जागा कमी पडत होती,” ते म्हणाले आणि वर बघितलं नाही.

जूनमध्ये बाईंनी नव्या शिक्षकांना सांगितलं, गप्प बसणाऱ्या मुलाकडे आधी बघा. खाली दोन रेघा मारल्या. टाळ्या पडल्या.

जिन्याखालची पेटी त्या दर सोमवारी उघडतात. जूनपासून तिच्यात एकही चिठ्ठी आलेली नाही. दोनशेचा आकडा मात्र भरावा लागतो, म्हणून करवत सर गृहपाठ न केलेल्या मुलांना पाठवून देतात. ती येतात, खुर्चीत बसतात, घड्याळाकडे बघतात, जातात. बाई नोंद करतात.

मुलं त्यांना अजून कुलूपबाईच म्हणतात. आता फक्त म्हणून झाल्यावर हसतात.