नसलेला ऊस

बों अक्योय गावाच्या क्रिकेट टीमने प्लेन मान्येन गावाकडून एका धावेने मार खाल्ला आणि त्या एका धावेचं खापर प्रेमचंदच्या डोक्यावर फुटलं. फोडणाऱ्यांना तरी काय बोलणार? शेवटच्या चेंडूवर जिंकायला तीन धावा हव्या होत्या, चेंडू त्यानेच टोलवला होता आणि धावबादही तोच झाला होता.

त्याचं झालं असं की त्यांच्या मैदानाची पूर्वेकडची हद्द म्हणजे इस्टेटीचा ऊस. चुन्याची रेघ नाही की दोर नाही. चेंडू उसात शिरला की चार धावा, बस्स. प्रेमचंद पोरवयापासून याच नियमावर खेळत आला होता. त्या रविवारी त्याने चेंडू पूर्वेला मारला, एक धाव पळून काढली, दुसरीसाठी निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. चेंडू उसाकडे चालला होता, मग उगाच पाय कशाला झिजवायचे? त्याने दोन्ही हात वर केले आणि डोळे भरून समोर पाहिलं. उसाचे तुरे वाऱ्यावर हलत होते.

पण ऊस होता कुठे? शुक्रवारीच तोडून झाला होता. चेंडू पाचटावरून घरंगळत गेला आणि काळ्या दगडांच्या ढिगाला टेकून थांबला. प्लेन मान्येनच्या एका खेळाडूने तो उचलून फेकला आणि प्रेमचंदकडच्या यष्ट्या उडाल्या. ऊस नाही तर चौकारही नाही, असा पंचांनी निकाल दिला. कहर म्हणजे तो ऊस प्रेमचंदच्याच टोळीने तोडला होता. शेवटच्या तीन ओळी तर त्याने स्वतःच्या कोयत्याने आडव्या केल्या होत्या. हाताचे फोड अजून ओले होते, तरीही रविवारी त्याला तिथे ऊस दिसला. हे कुणाला पटवून सांगणार?

आशा मात्र संपली नव्हती. येत्या रविवारी त्रियोले गावाला हरवलं तर टीम फायनलमध्ये जाणार होती आणि फायनल रोझहिलच्या हिरवळीवर होती. प्रेमचंदला एकोणचाळिसावं वर्ष लागलं होतं. सगळी उमर त्याने तांबड्या मातीवर काथ्याची चटई अंथरून खेळण्यात घालवली होती. हिरवळीवर एकदा खेळायचं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि अठ्ठ्याहत्तर साल गेलं की गुडघे काही पुढच्या वर्षाची हमी देणार नव्हते.

सोमवारपासून टोळी दुसऱ्या शेतात लागली. धुक्यात कोयता चालवता चालवता प्रेमचंद ती दुसरी धाव पुन्हा पुन्हा पळत राहिला. कधी वेळेत पोचायचा, कधी मधेच पाय जड व्हायचे. मग सगळा ऊस विरघळून हिरवळ व्हायची आणि तो तिच्यावर अनवाणी चालत जायचा, इतका सावकाश की चेंडूसुद्धा त्याच्यासाठी थांबून राहायचा. टोळीचा सरदार मागून ओरडला की तो पुन्हा बों अक्योयला यायचा.

घरी कुंती, त्याची बायको, वेगळंच घेऊन बसली होती. खेळपट्टीवर दोघं होते, दोघंही थांबले होते, मग दुसऱ्याचं नाव कुणी का घेत नाही, असं ती रोज विचारायची. दुसरा म्हणजे कप्तान चंद्रमोहन. शिक्षण खात्यात कारकून, शनिवारी देवळात मराठीचे वर्ग घेणारा, टीमचा पहिल्या नंबरचा फलंदाज. तो खांद्यावर बॅट टाकून उभा होता, हे प्रेमचंदने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सांगितलं असतं तर चंद्रमोहन रुसून बसला असता आणि त्याच्याशिवाय त्रियोलेला हरवणं कठीण. शिवाय कोयतेवाल्याने कारकुनाकडे बोट दाखवायचं म्हणजे काय, हेही त्याला कळत होतं. म्हणून तो गप्प राहिला. पण चंद्रमोहनही चार दिवस गप्प राहिला, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर रविवारची अकरा नावं ठरवायला सगळे जमले. अध्यक्ष तुलसीरामकाकांनी सरळ सांगितलं की प्रेमचंदला बसवा आणि देवानंदला घ्या. देवानंद त्यांचाच भाचा, पण ते बोलायची कुणाची छाती नव्हती. सगळे कप्तानाकडे बघू लागले आणि कप्तान हातातल्या कागदाकडे. हिरवळ डोळ्यांपुढून सरकत चाललेली प्रेमचंदला दिसली. मग टीमचं नुकसान नको म्हणून तोच उठला आणि आपण बसतो म्हणाला. चंद्रमोहनने मान खाली घालून देवानंदचं नाव लिहिलं.

तेवढ्यात खांबाजवळून पुष्पा बोलली. ही पोरगी सामन्याचा धावफलक लिहायची आणि एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"काका, नारळ तुमी कधी फोडलात?"

तुलसीरामकाकांनी पागोट्याला हात लावला. जिंकल्यावर देवळातल्या गणपतीसाठी नारळ फोडायची टीमची चाल होती. त्या रविवारी फेकलेला चेंडू परत यायच्या आधीच काकांनी नारळ दगडावर आपटला होता. फुटलेला नारळ टाकायचा कसा, म्हणून हरल्यावरही सगळ्यांनी खोबरं मुकाट्याने खाल्लं होतं. पुष्पाने वही उघडून दाखवली. तिथे तिनेही आधी चार लिहिले होते आणि मग खोडले होते. कुणीतरी खुदकन हसलं. मग एकेक जण कबूल करू लागला की आपणही उड्या मारायला उठलो होतो. सबंध गावाला तो ऊस दिसला होता.

चंद्रमोहन हसला नाही.

"आधी मी थांबलो," तो म्हणाला. "मला बघून प्रेमचंद थांबला. हे मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"ठावं हाय मना," प्रेमचंद म्हणाला. "जिंकलो म्हनून तुमी तिथं हसत उभे होता."

चंद्रमोहनने पेन्सिल उचलली आणि यादीतलं पहिलं नाव, स्वतःचं, खोडून तिथे प्रेमचंदचं लिहिलं. कप्तान गेला म्हणजे रविवार गेला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. प्रेमचंदला चार दिवसांचा राग आठवला, आणि तो आता कुठे शोधूनही सापडेना याचं नवल वाटलं. त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"तुमचं नाव परत लिवा, भाव. देवानंद बारावा राहील. पन एक हाय. रविवारी आपन दोघं खेळपट्टीवर असलो तर कधी पळायचं आन् कधी थांबायचं, ते मी सांगीन. तुमी ऐकायचं."

आजवर कोयतेवाल्याने कप्तानाला हुकूम सोडलेला त्या ओसरीने ऐकला नव्हता. तुलसीरामकाका काही बोलणार होते, पण नारळ आठवून पागोटंच सारखं करू लागले.

"कोरेक, ठरलं," चंद्रमोहन म्हणाला, आणि प्रेमचंदच्या नावाखाली आपलं नाव लिहू लागला.