मामाच्या बैठका

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कोणी थांबत नाही. झेंडूवाल्यांचं घर. आई-बाबा पातूरहून फुलांची गाडी भरून निघतात, अकोल्याला जुन्या शहरात जागा धरतात आणि शेवटचं पोतं रिकामं झाल्याशिवाय उठत नाहीत. माझी शिक्षक भरतीची परीक्षा यंदा नेमकी त्याच दिवशी आली, तीही अमरावतीला. कुलदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने सुट्टी दिली नाही. चौदा महिन्यांच्या माझ्या लेकीला, रागूला, सांभाळायला उरला एकटा जीवन. माझा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा, गांजा सोडत असलेला.

सोडत असलेला म्हणजे किती सुटलेला, तेच मला कळत नव्हतं.

उन्हाळ्यात मीच त्याला जठारपेठेत नाजिया मॅडमकडे नेलं होतं. व्यसन सोडवायला मदत करतात त्या. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी विचारलं, पळता येतं का. शाळेत हा आठशे मीटर धावायचा. मग त्यांनी सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास पळायचंच, आणि मधे तलफ आली की असशील तिथून उठायचं, बूट चढवायचे, दम लागेपर्यंत धावायचं. तलफ काही दिवसभर बसून राहत नाही, तेवढा वेळ तिला मागे टाकायचं. एकदम बंद नाही झालं तरी चालेल, आधी कमी होऊ दे.

तेव्हापासून माझा डोळा त्याच्या बुटांवर. दारात बूट नाहीत म्हणजे तो धावायला गेलाय, चांगलं आहे. पण मग तलफ आली असणार, म्हणजे वाईट. आणि दिवसभर बूट दारातच दिसले तर? सुटली म्हणायची, की चपला घालून कुठे जाऊन आला? रागूच्या लंगोटांच्या घड्या करताना माझं हेच चाललेलं. आईला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, आपलं डोकं पुस्तकात घाल.

त्यात बाबांनी घोळ केला. ऐन हंगामात पोरगा चड्डी घालून रस्त्याने पळतो हे त्यांना बघवेना. "घाम तो घाम," ते म्हणाले. "वावरात काढला तं फुलं तं निघतीन." आणि त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप चढवला. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. महिनाभर बूट जागचे हलले नाहीत. एका दुपारी मी डबा घेऊन वावरात गेले, तर हा विहिरीमागे पंप उतरवून बसलेला. मित्रांसोबत बसायची त्याची जुनी जागा तीच. गांजाचा वास बांधापर्यंत येत होता. आम्हीच त्याला रोज उठवून तिथे पाठवत होतो.

त्याने काही लपवलं नाही. "ताई," तो म्हणाला, "पंप पाठीवर घेऊन पयता येत नाई."

त्यावर मी बाबांशी चांगलीच भांडले आणि त्याला पुन्हा रस्त्यावर धावायला लावलं. त्याला आता तीन आठवडे होत आले होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रागूला मांडीवर घेऊन मी विचारलं, "उद्या तलफ आली तं?"

"पयतो ना."

"मंग हिले कोण पाहीन?"

पळाला तर पोर एकटी, अंगणात पाण्याचा हौद. नाही पळाला तर विहिरीमागची ती जागा. औषधच असं की घेतलं तरी भीती, नाही घेतलं तरी भीती. तो उठला आणि बूट आणून माझ्या पिशवीत टाकले.

"हे अमरावतीले घेऊन जा."

हा मला भरोसा देतोय की हात टेकतोय, कळलं नाही. विचारायचं राहून गेलं, कारण रागू रडायला लागली होती.

परीक्षेच्या खोलीबाहेर सगळ्यांच्या पिशव्यांत माझीही पिशवी पडली होती, त्याचे बूट पोटात घेऊन. पेपर सुटल्यावर फोन केला. झोपली हाये, एवढंच तो बोलला, तेही धापा टाकत. पोर झोपलीय तर हा कशाला धापा टाकतो? अकोल्यापर्यंत मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. काय बघितलं ते आठवत नाही.

पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दाराला आतून कडी. जीवनने दार उघडलं, सदरा अंगाला चिकटलेला. रागूच्या हनुवटीला वरण-भात. मी तिला उचललं आणि आधी केसांचा वास घेतला. खोबरेल, भात, आणि त्याचा घाम. आणखी काही नव्हतं. की मला घ्यायचाच नव्हता?

तिला खाली सोडून मी बूट दाराशी ठेवले. वळून पाहते तर रागूने पलंगाची कड धरलेली. बसली, उठली. बसली, उठली. दर खेपेला तोंडाने "हुं". सात-आठ वेळा झालं आणि ती धपकन बुडावर बसली.

मी जीवनकडे पाहिलं.

"सकाळी बैठका कमी मारल्या," तो म्हणाला. "दुपारी लय झाल्या."

"किती खेपा आली तलफ?"

"हिले इचार. हे मोजून राहिली होती."

मग त्याने बूट चढवले, नाडी बांधली. पायऱ्या उतरताना त्याचे गुडघे लटपटत होते, भिंत धरावी लागली. तो अकोल्याच्या रस्त्याला लागतो की विहिरीकडे वळतो, हे बघायला मी दाराकडे निघाले. तेवढ्यात मागे रागूने पुन्हा पलंग धरला.

मी परत आले, तिच्यासमोर बसले आणि तिच्याबरोबर मोजायला लागले.