वेगळा कुकर

पिठाचे हात पदराला पुसून दानम्मानं पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. किर्गिझस्तानातल्या बिश्केकला डॉक्टरकी शिकायला गेलेली तिची लेक शिवकन्या रोज सकाळी कॉलेजला जाता जाता फोन करायची. बर्फावर तिचे बूट करकरायचे आणि तो आवाज ऐकत दानम्मा भाकरी थापायची. तीन दिवस झाले, तो आवाज नव्हता. नुसते मेसेज येत होते.

नवरा, शिवमूर्ती, मोंढ्यातल्या दुकानाला निघाला होता.

“परीक्षा चालू हाय तिची. कशाला सारखं फोन लावून राहिलीस?”

“हे वाचा की.”

त्यानं चष्मा सावरून वाचलं. ‘आई, मी बरी आहे. पेपर आहेत. काळजी करू नका.’

“बरी हाय म्हणती की मग,” म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

दानम्मा उंबऱ्यातच उभी राहिली. बोलायला लागल्यापासून पोरगी तिला अव्वा म्हणत आली होती, आणि ‘अहो-जाहो’ तर कधीच नाही. हा मेसेज शिवकन्यानं लिहिलेला नव्हता.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तशी ती आत धावली. गॅस बंद केला. मग कितीतरी वेळ नुसती फोन हातात घेऊन बसली.

एकच नंबर होता. नायगावच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या उज्वलाचा, शिवकन्याच्या खोलीत राहणाऱ्या लुंबिनीच्या आईचा. पोरी निघाल्या त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर घेतलेला. तेव्हा उज्वलानं डबा उघडून दशम्या पुढे केल्या होत्या आणि ‘आज उपास हाय,’ असं दानम्मा म्हणाली होती. नंतर खांबाच्या आडोशाला बसून धपाटे खाताना तिची आणि उज्वलाची नजरानजर झाली. त्यानंतर हा नंबर दानम्मानं कधी लावला नव्हता.

“कोण?”

“मी... शिवकन्याची आई. उदगीरहून.”

पलीकडे अंगणवाडीतली लेकरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. दार लोटल्याचा आवाज आला. लेकरांचा गलका लांब गेला.

“बोला ताई.”

“लुंबिनीचा फोन आलता का?”

“आलता की.”

“माझी पोरगी कशी हाय?”

“आधी बसून घ्या, ताई.”

दानम्मा होती तिथंच खाली बसली. “जिती हाय न्हवं?”

“अवं, असं काय बोलताव! चांगली हाय. परवा अपेंडिक्सचं आपरेशन झालं. आता धोका न्हाई. तुम्हाला बीपी हाय म्हणून तिनंच सांगू नका म्हणली. माझ्या लेकीनं मला शपथ घातली होती. पर तुम्ही असं इचारलाव तर खोटं कसं बोलू?”

उज्वला सांगत राहिली. पोट दुखायला लागल्यावर लुंबिनीनंच तिला टॅक्सीत घालून नेलं. तिथले डॉक्टर रशियन बोलायचे, ही मोबाइलवर अर्थ बघून उत्तरं द्यायची. आपरेशन होईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून होती. शिवकन्याच्या फोनवरून घरी मेसेजही तीच टाकत होती. त्या दिवशी तिचा पेपर होता, तो बुडाला.

“बुडाला?”

“देईल की पुढच्या टायमाला. दवाखान्यात मटणाचा रस्सा देतेत, शिवकन्या त्याला हात लावंना. मग लुंबिनी होस्टेलवर मुगाची खिचडी करती अन् बसनं नेती. पहिल्यापासून दोघींचं एकाच कुकरात असतंय न्हवं, शिवकन्याची चव लुंबिनीला ठाऊक हाय.”

लेकीच्या बॅगेत तिनं स्वतःच्या हातानं वेगळा कुकर घातला होता. येगळंच शिजवतीस ना, असं ती दर आठवड्याला विचारायची. हाव अव्वा, असं शिवकन्या म्हणायची.

“तुम्हाला ठाऊक असंल की, ताई?” उज्वलानं जपून विचारलं.

“हाव,” दानम्मा म्हणाली. “माहीत हाय मला.”

दुपारी व्हिडिओ कॉल आला. शिवकन्यानं फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला होता. केस नीट विंचरलेले, ओठ सुकलेले.

“नेटच नव्हतं गं अव्वा. त्यात पेपर.”

“हाव का. आवाज बसलाय तुझा.”

“थंडी लई हाय इथं.”

हात अवघडला असावा, फोन कलला. लोखंडी पलंगाचा दांडा आणि सलाईनची बाटली क्षणभर दिसली. दानम्मानं नजर तिथून काढून घेतली.

“लुंबिनी हाय का जवळ?”

शिवकन्याचा चेहरा उतरला. “हाय. का गं?”

“दे तिला.”

लोकरीची टोपी घातलेली एक किडकिडीत पोरगी समोर आली. तिचे डोळे जागरणानं आत गेले होते. “नमस्ते काकू. अभ्यास करून राहिलो आम्ही,” ती घाईनं म्हणाली.

टाके किती, उठून चालती का, ताप हाय का, दानम्माला कितीतरी विचारायचं होतं. ते सगळं तिनं मागं ठेवलं.

“जेवलीस का गं बाई?”

लुंबिनीनं बाजूला पाहिलं. “शिवकन्याचं झालं, काकू.”

“तिचं न्हाई इचारलं. तू?”

“जेवते की थोड्या वेळानं.”

“आताच बस. मी हाय फोनवर.”

लुंबिनीनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि डब्याचं झाकण काढलं. दानम्मा भिंतीला टेकून बसली आणि तिचं जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.