मधल्या बल्ल्या

गणपतीत आलेल्या पत्राला दिवाळी उलटली तरी उत्तरेश्वररावांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र साधंच होतं. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई आणि प्रत्येक काना-मात्रेची काळजी घेणारं शाळकरी अक्षर. वर लिहिलं होतं, 'छताबद्दल लिहिणाऱ्या काकांना', आणि खाली, 'शिवकन्या, नांदूरघाटजवळची वस्ती'. मजकूर असा : आम्ही कोयत्यावर जाणारी माणसं. ऊसतोडीला निघायच्या आत घराचा स्लॅब टाकावा असं मनात आहे. पण आम्ही गेल्यावर घरी सासूबाई एकट्याच. मग आता टाकून जावं, की उन्हाळ्यात आल्यावर टाकावा? उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायलाच पाणी नसतं. तुम्ही पेपरात लिहिता की स्लॅबला पाणी पाजावं लागतं. तर किती दिवस, आणि खालचं सेंटरिंग कधी काढावं, ते कळवा. सासूबाई त्याच्याखाली झोपणार आहेत.

शेवटचं वाक्य उत्तरेश्वररावांना पाठ झालं होतं. जेवताना घास हातात तसाच राही आणि ते वाक्य समोर येई.

बांधकाम खात्यात ते आरेखक होते. निवृत्त होऊन घाटनांदूरला आल्यावर अंबाजोगाईच्या एका साप्ताहिकात छपराबद्दल सदर लिहू लागले. छज्जा कशासाठी, बीम कुठं लागतो, पत्र्यावर पत्रा किती चढवायचा. कव्हर म्हणजे सळई आणि स्लॅबचा तळ यांच्यातलं बोटभर अंतर. ते ठेवलं नाही तर सळई गंजते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे अंगावर पडतात. असं सगळ्यांना मिळून लिहायला त्यांना भीती वाटत नसे. एका माणसाला सांगायचं म्हटलं की हात आखडे.

"अहो, त्या पोरीनं काय तुमची कुंडली मागितली हाय का?" कौशल्याबाई म्हणायच्या. "दिस किती, एवढंच इचारलंय न्हवं?"

"पुस्तकात सात दिवस दिलेत. पण ते साध्या सिमेंटचे. हल्ली गोणीत राख मिसळलेलं सिमेंट येतं, ते सावकाश घट्ट होतं. त्याच्यासाठी पुस्तक म्हणतं, दिवसांत योग्य तो बदल करावा."

"मग करा की योग्य तो बदल!"

"पण योग्य म्हणजे किती?"

कौशल्याबाई पदर खोचून आत निघून जात. उत्तरेश्वरराव पुन्हा टेबलाशी बसत. खोली केवढी आहे ठाऊक नाही. मिस्त्री कसा आहे ठाऊक नाही. दिवस कमी सांगितले आणि काही झालं तर? जास्त सांगितले आणि लोक हसले तर? अर्धं उत्तर लिहून ते फाडत, उठत, ओट्यावर येत, आत जात, आणि आत का आलो ते विसरत.

दिवाळीनंतर एका सकाळी ते दूध आणायला म्हणून बाहेर पडले. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीचा ट्रक उभा होता. गोण्या, भांडी, बांबू, कोंबड्यांचं खुराडं, आणि त्या सगळ्याच्या वर लेकरं. खाली एक म्हातारी टपावरच्या सुनेला काहीतरी सांगत होती. ट्रक हलला तरी ती सांगतच होती.

उत्तरेश्वरराव मोकळ्या किटलीनिशी घरी आले.

"दूध कुठंय?"

"गाड्या निघाल्या," ते म्हणाले.

"कशाच्या गाड्या? आन् हे चालला कुठं?"

ते पायात बूट घालत होते. पत्र खिशात होतं. छत्री घेतली, ठेवली, परत घेतली.

केजपर्यंत ते खिडकीशी बसून आपण काय बोलणार याची घोकंपट्टी करत होते. केजहून नांदूरघाटच्या गाडीत ती घोकंपट्टीही विस्कटली. वस्तीच्या फाट्यावर उतरल्यावर परत जाणारी गाडी किती वाजता असते, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.

घर ओळखायला वेळ लागला नाही. नव्या स्लॅबच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. टाकायचा की नाही हा प्रश्न त्यांच्या उत्तराची वाट न बघता मिटला होता. स्लॅबखाली सेंटरिंगच्या बल्ल्यांची दाटी होती. त्या लाकडी टेकूंवर लोखंडी प्लेटा आणि प्लेटांवर ओलसर, करडा, अजून कोवळा स्लॅब. उत्तरेश्वरराव लिंबाखाली थांबले.

"कोन पायजे, गुरुजी?" गोठ्यातून एक म्हातारी गुडघे धरत बाहेर आली. "कावून उबं राह्यलात तितं?"

घोकलेलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी खिशातलं पत्र काढून तिच्या हातात दिलं.

म्हातारीनं कागद उलटा-सुलटा पाहिला. "ए तेजे, बघ गं. सरकारी हाय का काय."

शाळेच्या गणवेशातली मुलगी धावत आली, कागद पाहिला आणि किंचाळलीच. "आजी, हे तर म्याच लिवलंय! आईनं सांगितलेलं!"

सामानाची गोणी शिवता शिवता शिवकन्या उठून आली. सुई तशीच हातात. तिनं कागद पाहिला, म्हाताऱ्याला पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "तुमीच का ते काका? आवो, पोस्टाची वाट बघून डोळे दुकले माजे. आन् तुमी सोताच आलात! पर पोस्टापरीस हळू आलात बगा."

"स्लॅब कधी टाकला?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"परवा. जेवान दिलं समद्यांना, लापशी केलती. मुकादमाची गाडी उद्या येनार. वाट तरी किती बघायची?"

"बरं केलं," ते म्हणाले. "उन्हाळ्यापेक्षा बरं. आता विहिरीला पाणी आहे."

एवढं वाक्य सरळ बोलता आलं याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी शिडीकडं पाहिलं. शिडीच्या तळाशी घागर होती.

"पाणी कोण मारतं?"

"आजवर म्या," शिवकन्या म्हणाली. "उद्यापून ह्या."

छबुबाईंनी, म्हणजे त्या म्हातारीनं, आपल्या गुडघ्यांवर थाप मारली. "सकाळ-संद्याकाळ घागर चढवायची. त्याला काय हुतंय? दोन दिस गुडगे कुरकुरतेन, मग गप बसतेन."

"घागर नको," उत्तरेश्वरराव म्हणाले. "वाफे करा."

"कसले वाफे?"

"स्लॅबवर. चिखलाचे चार बोटं उंच बांध घाला, चौकोन पाडा आणि पाणी भरून ठेवा. मारलेलं पाणी उन्हानं तासाभरात उडून जातं. साठवलेलं पाणी राहतं. सिमेंटला ते सारखं प्यायला लागतं, चौदा दिवस."

"भुईमुगाला करतो तसे व्हय?"

"तसेच. आणि मोटारीचा पाइप वर बांधून ठेवा. त्यांनी खालून बटन दाबायचं, कडेनं सांडायला लागलं की बंद करायचं."

छबुबाईंनी सुनेकडं पाहिलं. "एवडंच? आदी सांगायचं की बाबा! म्या दोन दिस गुडग्याला तेल चोळत बसलेय."

मायलेकींनी लगेच चिखल कालवायला घेतला. तेवढ्यात स्लॅबच्या पलीकडून हनुमान मिस्त्री उतरला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्याला न्याहाळलं.

"वाफ्याचं ब्येस हाय," तो म्हणाला. "पर काका, प्लेटा म्या आठव्या दिशी काडनार. पलीकडच्या वस्तीवर दोन स्लॅब खोळंबल्यात. गाडीच्या आदी समद्यास्नी स्लॅब पायजे. वरीसभर कुनाला आठवन न्हाई, आन् दिवाळी झाली की सगळे माज्या दारात. प्लेटा काय बाभळीला लागत्यात व्हय?"

उत्तरेश्वरराव वाकून स्लॅबखाली गेले. एका कडेला, जिथं अजून पाणी ठिबकत होतं, त्यांनी हात लावून पाहिलं. कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणीवरचं सिमेंटचं नाव वाचलं. पावलांनी मोजली, खोली लहान होती. काम स्वच्छ होतं. कडेच्या फटीतून सळईखाली बसवलेला सिमेंटचा ठोकळासुद्धा दिसला. म्हणजे कव्हर राखलेलं होतं. ते बाहेर आले तेव्हा केसांना सिमेंट लागलं होतं.

"प्लेटा काढा," ते म्हणाले. "सगळ्या नका काढू. मधली प्लेटांची एक पट्टी आणि तिच्याखालच्या बल्ल्या तशाच ठेवा. काढून परत लावायच्या नाहीत, हलवायच्याच नाहीत. तुमच्या बाकीच्या प्लेटा मोकळ्या होतील."

हनुमाननं विचार केला. "जमंल. किती दिस?"

तोच प्रश्न. दोन महिने टेबलावर पडून होता तोच.

"एकवीस," उत्तरेश्वरराव म्हणाले, आणि आपण बोललो यानं दचकले.

"इंजिनेर लोक तर सात म्हन्त्यात."

"ते साध्या सिमेंटला. ह्या गोण्यांत राख आहे."

"आन् एकवीस कुटं लिवलंय?"

"कुठंच नाही," उत्तरेश्वररावांनी खरं ते सांगितलं.

हनुमान हसला, पण त्यात वाकडेपणा नव्हता. "हे बगा काका, मला पटतंय. पर प्लेटा-बल्ल्या माज्या न्हाईत, अमरसिंहशेटच्या. त्याला तोंडी सांगितलं तर तो मला दारात उबं करनार न्हाई. कागद दावला की गप बसंल. पेपरात तुमचं नाव येतंय, तो वाचतो. तुमी लिवून द्या. खाली सही करा. मंग म्या बल्ल्यांना हात लावनार न्हाई, आन् कुनाला लावू बी देनार न्हाई."

तेजश्रीनं वहीचं पान फाडून आणलं. पेनही दिला. उत्तरेश्वरराव उलट्या घमेल्यावर बसले. सगळे भोवती उभे.

नोकरीत त्यांनी कितीतरी स्लॅब कागदावर काढले होते. नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत : काढले, तपासले, मंजूर. त्यांचं नाव नेहमी पहिल्या चौकटीत. बाकीच्या दोन चौकटींत दुसऱ्या कुणाची तरी सही येई आणि त्यांना रात्री निवांत झोप लागे. या पानाला चौकटीच नव्हत्या. पेन टेकला, शाईचा ठिपका मोठा होत गेला. एकवीस पुरतील ना? आपण आत जाऊन पाहिलं ते नीट पाहिलं ना? वीस का नाही, अठ्ठावीस का नाही?

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"घरी जाऊन नीट लिहितो," ते उठत म्हणाले. "पुस्तक बघून. लगेच पाठवतो."

शिवकन्येच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तिनं सुई पदराला टोचली. "आता कशाला काका. तुमचं उत्तर येईस्तवर कारखान्याचा पट्टा पडंल, हंगाम सरंल, आन् आमी माघारी येऊ."

"आसं बोलू न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "म्हातारा मानूस इतक्या लांबून आला. तुमी जावा बाबा, गाडी सुटंल. माजं काय, बल्ल्या निगाल्या की म्या आत पथारी टाकते. गोठ्यात आता थंडी वाजाया लागली."

उत्तरेश्वरराव पळाल्यासारखे निघाले. कोरं पान खिशात होतं. त्यावर ठिपका तेवढा.

गाडीत ते बसले, उठले, दुसऱ्या बाकावर गेले. आठव्या दिवशी ती आत पथारी टाकणार. आठव्या दिवशी. आपण एकवीस म्हणालो, तो काय उगाच तोंडातून निघालेला आकडा होता? नव्हता. ठोकळा पाहिला, गोणीवरचं नाव वाचलं, खोली पावलांनी मोजली, मगच तो आकडा आला. पुस्तक लिहिणाऱ्यांना छबुबाईंचा स्लॅब दिसला नव्हता, म्हणून त्यांनी 'योग्य तो बदल' म्हणून ती जागा मोकळी सोडली. ती कुणीतरी स्लॅबखाली वाकून भरायची होती. आपण वाकलो होतो. आणि तरी उठून पळालो.

केजला अंबाजोगाईची गाडी लागलेलीच होती. त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला. पाय खाली घेतला. परत ठेवला.

"काका," कंडक्टर वैतागला, "आत या न्हाईतर भायेर ऱ्हावा. गाडी काय झोपाळा हाय का?"

"बाहेर," उत्तरेश्वरराव म्हणाले.

विचारत विचारत ते पोस्टात पोचले. खिडकीशेजारच्या उतरत्या फळीवर त्यांनी तेच पान पसरलं. दोरीला बांधलेला पेन अडखळत चालत होता.

'श्रीमती छबुबाई यांस आणि हनुमान मिस्त्री यांस,' त्यांनी लिहिलं. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे,' असं पुढं लिहिलं, थांबले आणि ते तीन शब्द खोडले. मग लिहिलं : 'मी आज स्लॅब खालून व बाजूने पाहिला. काम चांगले आहे. वाफ्यांत चौदा दिवस पाणी उभे ठेवावे. मधली पट्टी व तिच्याखालच्या बल्ल्या स्लॅब टाकल्यापासून २१ दिवस जागच्या हलवू नयेत. तोवर आत कोणी झोपू नये. हे मी सांगितले आहे. कोणास शंका असल्यास मला विचारावे.' खाली सही केली. सहीखाली पूर्ण नाव, घाटनांदूरचा पत्ता, आणि जरा थांबून फोन नंबर. तो त्यांनी सदरातही कधी छापू दिला नव्हता.

"स्पीड पोस्ट," ते खिडकीतून म्हणाले. "उद्या मिळेल ना?"

"जवळच तर हाय. उद्या, न्हाईतर परवा."

पाकीट आत गेलं. उत्तरेश्वररावांनी खिडकीत हात घातला. "जरा परत देता?"

कारकुनानं पाकीट परत सरकवलं. अजून चिकटवलेलं नव्हतं. त्यांनी पान काढलं, एकवीसचा आकडा पाहिला, शेजारी अक्षरांतही लिहिला, आणि पान परत आत घातलं. पाठीमागं उभी असलेली बाई म्हणाली, "आवरा बाबा, मला मनिऑर्डर करायची हाय."

"आता टाकू ना?" कारकुनानं विचारलं. "का आणिक काही ऱ्हायलं?"

राहिलं असेलही. गाडीत बसल्यावर आठवेलच काहीतरी.

"टाका," उत्तरेश्वरराव म्हणाले.

कारकुनानं पाकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.