खाटेखालचा शाफ्ट

"जास्त म्हणजे जास्त!" साहेब ओरडला आणि शाफ्टला बांधलेली चिठ्ठी त्याने टरकन फाडली. "त्याला तीन-तीन नावं कशाला रे?"

बर्फाच्या कारखान्याचा स्टोअरकीपर हात बांधून उभा होता. चिठ्ठीवर त्याच्या हाताने 'स्पेअर' लिहिलेलं होतं. पंचेचाळिशी उलटल्यावर लेकीने त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती आणि स्टोअरच्या फळ्यांसाठी शब्दकोशातून शब्द शोधून दिले होते.

"साहेब, काम भागून उरलं ते सरप्लस. ते खुशाल विका. मागवलं त्याहून जास्त आलं ते एक्सेस. ते परत धाडा. कॉम्प्रेसरचा हा शाफ्ट जास्तीचा दिसतो, पण मुद्दाम ठेवलाय. नडीला लागतो."

"परवापर्यंत अंगठा उठवत होतास, आज मला इंग्रजी शिकवतोस?" साहेब हसला. मग सगळेच हसले.

शाफ्ट भंगारात गेला. आठवड्याने कमी करायच्या माणसांची यादी लागली. यादीत एकच नाव, पुढे शेरा: सरप्लस.

शेवटचा पगार घेऊन स्टोअरकीपर तडक भंगारवाल्याकडे गेला, शाफ्ट हातगाडीवर घालून घरी आणला आणि ग्रीस फासून खाटेखाली सरकवला.

"हे लोढणं कशाला आणलंत?" बायकोने विचारलं.

"त्याला न्यायला पाहुणे यायचेत."

चार महिने तो रोज सकाळी शाफ्ट पुसत राहिला. कानात ते हसू होतं.

ऐन उन्हाळ्यात पाहुणा आला. साहेबाची कॉलर घामाने भिजली होती.

"शाफ्ट मोडला हो. नवा यायला महिना लागेल. भंगारवाला म्हणाला, तुमच्याकडे आहे."

"बसा. चहा घ्या."

"अहो, तिकडे बर्फ वितळतोय!"

"वितळणारच. ऊन बघा केवढं आहे." स्टोअरकीपरने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. पुन्हा फुंकर मारली.

"किती घेणार, बोला."

"पैसे नकोत. फाडलीत ती चिठ्ठी लिहून द्या. सगळ्यांसमोर."

हातगाडीवरून शाफ्ट कारखान्यात आला. तिथे घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. सगळे गोळा झाले. साहेबाने उकिडवं बसून चिठ्ठी लिहिली आणि शाफ्टला बांधली. गाठ दोनदा सुटली.

"मोठ्याने वाचा."

"स्पेअर."

"म्हणजे काय?"

साहेबाची मान खाली गेली. "मुद्दाम ठेवलेला. नडीला लागतो."

स्टोअरकीपरने सगळ्यांकडे पाहिलं. चार महिने तो ज्या हसण्याची वाट पाहत होता, ते कुणाच्याच तोंडावर आलं नाही. सगळे पायाखालच्या पाण्याकडे बघत होते.

"उद्यापासून कामावर या," साहेब पुटपुटला.

"मी सरप्लस. तुम्हीच लिहिलंय," तो म्हणाला आणि पाण्यातून चालत फाटकाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो फडकं घेऊन खाटेखाली वाकला. फरशीवर ग्रीसचा लांबट डाग पडला होता. तेवढा सोडून त्याने बाकीची फरशी पुसून काढली.