एक वेणी झाली

रिबिनीच्या टोकाचे धागे सुटले होते, ते थुंकी लावून वळता वळता मोनालीच्या लक्षात आलं, की पायलच्या मानेमागे एक तीळ आहे. पाच वर्षांच्या आपल्याच लेकीचा तीळ... आणि हा आज दिसतोय. दोन वर्षं आपण होतो तरी कुठे — इथेच, फुलसावंगीत, याच ओसरीवर, भिंतीला टेकून.

वेणी घालायला विमलताईंनी सांगितलं होतं. व्यसन सोडणाऱ्या आयांच्या बैठका त्या घ्यायच्या. 'लेकराला रोज आईचा हात लागू द्या' म्हणायच्या. आज त्या समोर वही घेऊन बसल्या होत्या. शेजारी सासू, तुळसाबाई, तोंडाला कुलूप घालून. ताईंचं समाधान झालं तर पायल आजपासून आईजवळ. नाही तर दप्तर उचलून परत तुळसाबाईंच्या, आजीच्या घरी.

चार महिने एकही कॅप्सूल नाही. लोकांना वाटतं, चैन म्हणून घेतली — अरे, दिवसभर वेचलेल्या कापसाची ओटी कमरेला बांधून शेतात वाका एकदा! मेडिकलवाल्यानेच दिली पहिली, दुखण्यावर म्हणून; मग दुखणं राहिलं बाजूला आणि मीच तिच्यामागे...

एक वेणी झाली. तेवढ्यात फणी पडली. ती उचलायला मोनाली वाकली, तशी कमरेतून कळ गेली.

"माय वं!"

पायल ताडकन उठून आत पळाली. आली ती पाण्याचा गिलास घेऊन, अर्धे केस मोकळे. दुसऱ्या मुठीत मळकी, फुगलेली एक कॅप्सूल.

"घे आई. तुह्यासाठी लपवून ठेवलती मी, दप्तरात."

"पाहा ताई," तुळसाबाईंना वाचा फुटली, "काय शिकवलं पोरीले, पाहून घ्या!"

विमलताईंचं पेन थांबलं.

"फेकून दे, बाई. मले नाही लागत आता," मोनाली म्हणाली.

पायलचा चेहरा पडला. "मंग तू हासशीन कशी?"

गोळी घेतली की आपण हसायचो, हे मोनालीला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पोरीने मात्र आईचं तेवढंच जपलं होतं. तिला राग आला — सासूचा, ताईंच्या वहीचा, चार महिन्यांच्या त्या कोरड्या शहाणपणाचा. सगळे तोंडाकडे बघत होते. तिने हसून पाहिलं. गाल हलले, पायल जराशी मागे सरकली.

पण मूठ अजून पुढेच होती... आणि मोनालीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते गिळताना पोरीला दिसू नये, एवढंच आता तिला हवं होतं.